घरी इंजेक्शन घेताना नेमके दुखते कशामुळे?

दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणारा माणूस वर्षभरात सुमारे दीड हजार वेळा स्वतःच्या हाताने स्वतःला सुई टोचतो. आता या रांगेत केवळ मधुमेही नाहीत. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटात एनॉक्सापॅरिन घेणाऱ्या स्त्रिया, संधिवातासाठी पंधरा दिवसांतून एकदा अडॅलिम्युमॅब किंवा आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट टोचून घेणारे रुग्ण, आणि अलीकडे साखर व वजन यांसाठी आठवड्याचे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइड घेणारी माणसेही त्यात आहेत. या सर्वांना दवाखान्यात जे शिकवले जाते ते बहुधा पाच-दहा मिनिटांत उरकते आणि त्यात भर असतो तो डोस किती आणि वेळ कोणती यावर. दुखेल का, हाताला झेपेल का, चारचौघांत कसे घ्यायचे, अशा प्रश्नांची बोळवण ‘होईल हळूहळू सवय’ या उत्तराने केली जाते.

सवय होते हे खरे आहे, पण ती नेहमी चांगलीच होते असे नाही. जे दुखते ते माणूस टाळतो, पुढे ढकलतो किंवा जिथे दुखत नाही अशा जागी हलवतो, आणि या तिन्ही गोष्टींमुळे शरीरात पोचणारे औषध बदलते. डॉक्टरांसमोर मात्र येतो तो फक्त साखरेचा आकडा. तो वाढलेला दिसला की डोस वाढतो, आणि मूळ कारण सुईशी निगडित होते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे दुखण्याची कारणे वेगवेगळी काढून पाहणे उपयोगाचे ठरते, कारण त्यांतील बरीचशी दूर करता येण्यासारखी असतात.

सुई किती आत जाते

वर सांगितलेली औषधे त्वचेखालच्या चरबीच्या थरात द्यायची असतात, स्नायूत नव्हे. पोट, मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि कुल्ले या ठरलेल्या जागी प्रौढ माणसाची त्वचा सरासरी दोन ते अडीच मिलिमीटर जाड असते, आणि माणूस सडपातळ असो की स्थूल, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. वजन वाढते तेव्हा जाड होतो तो त्वचेखालचा चरबीचा थर. ‘मी अंगाने जाड आहे, मला लांब सुई लागेल’ ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते, कारण चार मिलिमीटरची सुई त्वचा ओलांडून चरबीत पोचते आणि तिचे काम तिथेच संपते. इन्सुलिन टोचण्याच्या पद्धतीविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये सर्व प्रौढांसाठी, वजन कितीही असले तरी, चार मिलिमीटरची पेन-सुईच (पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनच्या साधनाला लावायची सुई) सुचवलेली आहे. भारतातही ‘फोरम फॉर इंजेक्शन टेक्निक’ या तज्ज्ञगटाने २०१२ पासून आपल्याकडील रुग्णांसाठी अशा शिफारशी प्रसिद्ध केल्या आहेत.

लांब सुईचे नुकसान दुहेरी असते. बारीक अंगाच्या माणसाने आठ मिलिमीटरची सुई मांडीत सरळ खुपसली तर ती स्नायूत जाऊ शकते. तिथे दुखते जास्त, आणि इन्सुलिनही अपेक्षेपेक्षा लवकर रक्तात उतरते; त्यात लगेच चालणे किंवा जिना चढणे झाले तर साखर एकदम खाली येण्याचा धोका असतो. सहा मिलिमीटर किंवा त्याहून लांब सुई असेल तर त्वचेची चिमूट धरावी लागते ती याच कारणाने. ही चिमूट अंगठा आणि एक-दोन बोटांनी अलगद धरायची असते. पूर्ण मुठीने मांस धरले तर चरबीबरोबर स्नायूही वर येतो आणि चिमटीचा हेतूच बुडतो. चार मिलिमीटरच्या सुईसाठी बहुतेक प्रौढांना चिमटीची गरज नसते. फार सडपातळ माणसे आणि लहान मुले यांचा अपवाद.

जाडीचे गणित उलटे असते, हे ठाऊक नसल्याने औषधाच्या दुकानात गोंधळ होतो. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. एकतीस गेजची सुई पाव मिलिमीटरच्या आसपास असते, बत्तीस गेजची त्याहून बारीक. सुया मागताना ‘इन्सुलिनच्या पेनच्या सुया द्या’ एवढेच न म्हणता लांबी आणि गेज दोन्ही सांगावेत, नाहीतर दुकानदार जे हाताशी असेल ते देतो.

वेदना जाणवून देणारी मज्जातंतूंची टोके त्वचेच्या वरच्या थरांत दाटीने असतात आणि चरबीत विरळ. म्हणजे दुखते ते मुख्यतः त्वचा ओलांडतानाच. भीतीने हात आखडून सुई हळूहळू आत सारणारा माणूस स्वतःला अधिक दुखवतो. एका सरळ, न थबकणाऱ्या हालचालीत सुई आत गेली तर कित्येकदा ती कळतही नाही. कधी एखादे मज्जातंतूचे टोक नेमके सापडते आणि कळ येते, किंवा बारीक रक्तवाहिनी लागून रक्ताचा ठिपका दिसतो. त्यात पद्धत चुकली असे समजण्याचे कारण नाही. कापसाने क्षणभर दाबून धरले की पुरे.

‘दुखू लागली की बदलायची’

आपल्याकडे सुई कधी बदलता असे विचारले तर पुष्कळ घरांत हेच उत्तर मिळते. सुई एका वेळेपुरती बनवलेली असते. तिचे टोक अनेक कंगोरे देऊन घासलेले असते आणि ती सहज सरकावी म्हणून तिच्यावर सिलिकॉनचा पातळ थर असतो. वापराबरोबर तो थर निघून जातो आणि टोक बोथट होते, कधी आकड्यासारखे वळतेही. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, पण त्वचेला ते कळते.

पेनवर सुई तशीच लावून ठेवण्याचा आणखी एक तोटा असतो. उष्णतेने कार्ट्रिजमधले, म्हणजे पेनमधल्या औषधाच्या नळीतले, इन्सुलिन प्रसरण पावते आणि सुईतून थेंब थेंब गळते; गार झाले की त्याच वाटेने हवा आत येते. मग बटण पूर्ण दाबले तरी औषध हळू बाहेर पडते, सुई काढल्यावर टोकाला थेंब लोंबत राहतो आणि तेवढा डोस कमी जातो. म्हणून दर वेळी नवी सुई लावून दोन युनिट (युनिट हे इन्सुलिन मोजण्याचे एकक) हवेत सोडून पाहायचे, टोकाशी थेंब आला की मगच डोस लावायचा, आणि बटण दाबून झाल्यावर मनात सावकाश दहा मोजून सुई बाहेर काढायची.

सुयांचा खर्च कोणी नाकारू शकत नाही. औषध मिळाले तरी सुया स्वतःच्या पैशाने घ्याव्या लागतात अशी परिस्थिती अनेकांची आहे, आणि ‘दर वेळी नवी सुई’ हा सल्ला त्यांना टोमण्यासारखा वाटू शकतो. अशा वेळी हे डॉक्टरांपासून लपवण्याऐवजी उघड सांगितलेले बरे, कारण डोस किती वेळा विभागायचा, पेन द्यायचे की सिरिंज, हे त्यावरूनही ठरवता येते. मात्र एका बाबतीत सवलत नाही. नवरा-बायको दोघांनाही मधुमेह असला आणि दोघांचे इन्सुलिन एकच असले, तरी दोघांत एक पेन चालत नाही, सुई बदलली तरीही नाही. कारण टोचताना रक्ताचा अंश मागे कार्ट्रिजमध्ये ओढला जाऊ शकतो.

न दुखणारी जागा

या विषयातला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. ओपीडीत सिस्टर विचारतात, “आजी, इंजेक्शन कुठं घेता?” आजी पदर जरा बाजूला करून बेंबीच्या उजवीकडे एका जागी बोट ठेवतात आणि म्हणतात, “इथंच घेते. इथं मुळीच दुखत नाही बघा.” सिस्टरांनी त्या जागेवरून बोटे फिरवली तर तिथे त्वचेखाली रबरासारखा, जाडसर, सुपारीपासून लिंबाएवढा फुगवटा हाताला लागण्याची शक्यता बरीच असते.

इन्सुलिन चरबीच्या पेशींची वाढ करणारे संप्रेरक आहे. एकाच जागी ते महिनोन्‌महिने पडत राहिले आणि सोबत सुईच्या बारीक जखमाही होत राहिल्या, की तिथली चरबी वाढून गाठ तयार होते. वारंवार वापरलेल्या सुयांनी ती शक्यता आणखी वाढते. अशा गाठीत वेदना कमी जाणवतात आणि माणूस साहजिकच पुन्हा तीच जागा निवडतो. अडचण अशी, की गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी हळू उतरते, कधी कमी उतरते, कधी अवेळी उतरते. आज जेवणानंतर साखर तीनशे, उद्या तेच जेवण, तोच डोस आणि संध्याकाळी घाम फुटून हातपाय थरथरणे, असा लपंडाव सुरू होतो. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० रुग्णांची तपासणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश जणांना अशा गाठी आढळल्या. गाठी असलेल्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट इन्सुलिन लागत होते, नसलेल्यांना ४१. कारण कळत नाही अशी साखर उतरण्याची तक्रारही गाठी असलेल्यांमध्ये कितीतरी अधिक होती.

गाठ दिसतेच असे नाही, ती चाचपून शोधावी लागते. आंघोळीच्या वेळी बोटांना साबणाचे पाणी लावून, बाजूच्या निरोगी त्वचेकडून नेहमीच्या जागेकडे बोटे हलकेच सरकवत न्यायची. पोत बदलला, त्वचा जाड किंवा टणक लागली, चिमूट नीट धरता येईना, तर तिथे गाठ आहे असे समजून ती जागा सोडून द्यायची आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायची. जागा सोडल्यावर गाठ महिन्यांच्या हिशेबात मऊ होत जाते.

इथे एक सावधगिरी हवीच. गाठीतून अर्धवट उतरणारे इन्सुलिन निरोगी जागेतून पूर्ण उतरू लागते, त्यामुळे जुनाच डोस नव्या जागी घेतला तर साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलायचे, डोस बहुधा कमी करावा लागतो, आणि सुरुवातीचे काही दिवस साखर अधिक वेळा तपासायची.

जागा फिरवत राहण्याची शिफारस कागदावर सोपी आहे: पोटाचे बेंबीभोवती चार भाग कल्पायचे, एका आठवड्याला एक भाग, आणि त्या भागात दर वेळी आधीच्या टोचण्यापासून निदान एक बोट अंतर सोडायचे. प्रत्यक्षात माणसाची पसंती त्याच्या अंगावरच्या कपड्यांवर, उजव्या-डाव्या हातावर आणि घरातल्या आडोशावर ठरते. साडी नेसलेल्या बाईला निऱ्यांखालचा भाग गैरसोयीचा असतो, पट्टा घट्ट बांधणाऱ्याला कमरेजवळ टोचलेले दिवसभर खुपते, आणि उजव्या हाताने उजव्या दंडाच्या मागे टोचता येत नाही हे तर उघडच आहे. म्हणून जागांचा क्रम रुग्णाला विचारूनच आखावा. पाळायचा नियम एवढाच, की ठरावीक वेळेचे इंजेक्शन ठरावीक अवयवात घ्यावे आणि त्या अवयवातला बिंदू बदलत राहावा. साधे मानवी इन्सुलिन पोटातून लवकर आणि मांडीतून व कुल्ल्यातून सावकाश शोषले जाते, त्यामुळे आज सकाळी पोट आणि उद्या सकाळी मांडी असे केले तर गणित बिघडते. नव्या, अॅनालॉग प्रकारच्या (रचनेत थोडा बदल केलेल्या) इन्सुलिनमध्ये हा फरक कमी असतो.

औषधाची स्वतःची आग

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले तेव्हा त्याच्या त्वचेखाली गळू झाले होते, कारण गुरांच्या स्वादुपिंडाचा तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जैवरसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिपने शुद्ध केलेला अर्क त्याच महिन्यात दिल्यावर गुण आला. आजची औषधे त्या मानाने फारच शुद्ध आहेत, तरी सुई न दुखताही औषध झोंबू शकते.

पहिले कारण थंडपणा. फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचलेले औषध ठणकते. वापरात असलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला चालते, नेमकी मुदत वेष्टनावर दिलेली असते. म्हणून ते रोज फ्रिजमध्ये परत ठेवण्याची गरज नसते. अडॅलिम्युमॅबसारखे औषध टोचण्याआधी पंधरा ते तीस मिनिटे बाहेर काढून ठेवतात. ते कोमट पाण्यात बुडवणे किंवा गॅसजवळ ठेवणे मात्र टाळावे, कारण ही प्रथिने उष्णतेने नासतात.

दुसरे कारण स्पिरिट. त्वचेवर चोळलेले स्पिरिट वाळण्याआधी सुई घातली तर ते सुईबरोबर आत जाऊन चुरचुरते. घरी, साबणाने धुतलेल्या स्वच्छ त्वचेवर, स्पिरिटची गरज बहुधा नसतेच. वापरलेच तर ते वाळू द्यावे.

तिसरे कारण औषधाच्या द्रावणात असते. ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन आम्लधर्मी द्रावणात असते आणि काहींना ते किंचित झोंबते. अडॅलिम्युमॅबची जुनी आवृत्ती सिट्रेट नावाचा क्षार असलेल्या द्रावणात येई आणि तिची आग होते ही रुग्णांची तक्रार जुनी होती. पुढे सिट्रेट वगळून, द्रावणाचे आकारमान निम्मे करून आणि सुई बारीक करून नवी आवृत्ती आली तेव्हा तोच डोस स्पष्टपणे कमी दुखू लागला. या औषधाची जगातील पहिली बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी अगदी जवळून जुळणारी) आवृत्ती भारतात २०१४ साली आली आणि आज आपल्याकडे ते अनेक कंपन्यांचे मिळते. म्हणून एका कंपनीचे औषध फार झोंबत असेल तर त्यात सिट्रेट आहे का, हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारण्यात काहीच गैर नाही.

एनॉक्सापॅरिनची तऱ्हा वेगळी. ते रक्त पातळ ठेवणारे औषध असल्याने पोटावर काळेनिळे डाग पडतात आणि पाहून घरचे घाबरतात. बेंबीपासून दूर, पोटाच्या कडेला, चिमूट शेवटपर्यंत धरून सावकाश दाबायचे आणि नंतर ती जागा अजिबात चोळायची नाही, एवढे पाळले तर डाग लहान राहतात. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा पूर्ण डोस घ्यायचा असेल तेव्हा काढायचा नसतो. तो काढायच्या नादात औषधाचे थेंब वाया जातात.

हात आणि साधन

सिरिंज की पेन, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. इन्सुलिनचे पहिले पेन १९८५ साली डेन्मार्कमध्ये आले. त्याआधी सिरिंजने कुपीतून औषध ओढणे हाच रिवाज होता. पेनमध्ये आकडा फिरवताना प्रत्येक युनिटला टिक असा आवाज होतो. मोतीबिंदू किंवा मधुमेहाने नजर अधू झालेल्या माणसाला तो मोठा आधार असतो, जरी केवळ आवाज मोजून डोस लावणे सुरक्षित नाही आणि आकडा कोणीतरी पाहिलेला बरा. सिरिंज आणि कुपी स्वस्त पडतात, सरकारी दवाखान्यांत त्याच असतात, आणि वर्षानुवर्षे सिरिंज हाताळलेल्यांना औषध डोळ्यांसमोर आत जाताना पाहण्यातच खात्री वाटते.

सिरिंजमध्ये एक धोका मात्र नीट समजून घ्यावा. आपल्याकडील इन्सुलिनच्या कुप्या बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनची कार्ट्रिज १०० युनिटची. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमधले औषध लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले तर नेहमीच्या रेघेपर्यंत भरूनही अडीचपट डोस जातो. असे कधीही करू नये.

संधिवाताच्या रुग्णाचा प्रश्न त्याच्या सांध्यांतच असतो. सकाळी बोटांचे पेर सुजलेले असतात, अंगठा दुमडत नाही, आणि बारीक सिरिंजचा दट्ट्या त्याच अंगठ्याने दाबायचा असतो. सर्टोलिझुमॅब या औषधाची सिरिंज अमेरिकेतील ऑक्सो या स्वयंपाकघरातील पकडायला सोप्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीबरोबर आखली गेली ती यासाठीच: रुंद दट्ट्या, बोटे अडकवायला मोठी कड, मऊ पकड. बटण न दाबता नुसते त्वचेवर दाबले की चालू होणारी ऑटो-इंजेक्टर साधने हाही त्याच अडचणीवरचा उपाय. त्यांत सुई दिसत नाही, पहिल्या आवाजाला औषध सुरू होते आणि काही सेकंदांत संपते. सुईची धास्ती असलेल्यांना हे आवडते. पण काहींना तो अचानक होणारा खट् आवाज आणि वेग नकोसा वाटतो. दुखू लागले तर थांबायला जागा राहत नाही, अशी त्यांची तक्रार असते, आणि ते साध्या भरलेल्या सिरिंजकडे परत जातात, कारण तिचा वेग त्यांच्या अंगठ्याच्या ताब्यात असतो. दोन्ही पसंती रास्त आहेत. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले ते आधी कुपीतून आणि त्याच वर्षी पुढे पेनमधून. तेव्हा पेन येईपर्यंत थांबणारे आणि कुपी बिनतक्रार वापरणारे, दोन्ही प्रकारचे लोक होते.

लाज, भीती आणि लग्नाची पंगत

इन्सुलिन सुरू झाले म्हणजे ‘आता शेवट आला’ असे मानणारी माणसे अजूनही खूप आहेत, आणि ‘एकदा सुरू केले की सवय लागते’ हा त्याचा जोडसमज. इन्सुलिनचे व्यसन लागत नाही. स्वादुपिंड कमी पडते म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. हा समज दूर झाल्याशिवाय सुई कितीही बारीक केली तरी ती टोचतच राहते.

चारचौघांत घेण्याचा संकोच जास्त हट्टी असतो. लग्नात पंगत बसायला उशीर होणार हे ठरलेले, इन्सुलिन जेवणाआधी घ्यायचे, आणि कार्यालयात आडोसा म्हणजे स्वच्छतागृह. तिथे घेणे कोणालाच आवडत नाही आणि ते स्वच्छही नसते. मग मंडळी घरूनच इन्सुलिन घेऊन निघतात, जेवण तासभर लांबते आणि नवरीच्या मामांना चक्कर येते. पान वाढले गेल्यावर टेबलाखाली पेन काढून सदऱ्याच्या आत पोटात घेता आले तर हा प्रश्न उरत नाही, पण त्यासाठी घरच्यांनी त्याचा गाजावाजा न करणे आवश्यक असते. कपड्यावरून टोचू नये. सदरा किंचित वर करणे पुरते. लवकर काम करणारी काही इन्सुलिन्स जेवायला बसताना घेता येतात, त्यामुळे बाहेरचे जेवण वारंवार होत असेल तर त्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.

सुईची खरीखुरी भीती, म्हणजे पाहताच घाम फुटणे किंवा भोवळ येणे, ही भित्रेपणाची खूण नव्हे. अशांनी आडवे होऊन घ्यावे, पहिल्या काही वेळा सोबत कोणी असावे. टोचण्याआधी शेजारची त्वचा बोटाने काही क्षण घट्ट दाबून किंवा चोळून ठेवल्याने वेदना कमी जाणवते. स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूपाशी अडवतात, असा सिद्धांत वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला होता. खरचटलेल्या गुडघ्याला आई चोळते त्यामागेही हेच आहे.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण ४५ अंशांच्या दुपारी फ्रिज नसलेल्या घरात औषध कुठे ठेवायचे ही काळजी रोजची असते. कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवण्याची पद्धत चांगली आहे. केनियातील दादाब येथील निर्वासित छावणीच्या तापमानावर आधारित आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होणाऱ्या तापमानात इन्सुलिन चार आठवडे टिकल्याचे दिसले. तो दिलासा ३७ पर्यंतचा आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीला तो लागू नाही. बर्फाला चिकटून गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नये.

सुईच नको, हीच का पसंती?

रुग्णांना काय हवे, याचे उत्तर ‘सुई नको’ असे गृहीत धरले जाते. २००६ साली फायझरचे एक्झुबेरा हे तोंडाने श्वासावाटे ओढून घ्यायचे इन्सुलिन अमेरिकेत आले आणि २००७ मध्ये कंपनीने ते मागे घेतले. उपकरण मोठे होते, ते चारचौघांत बाहेर काढणे पेनपेक्षा अवघड होते, डोस युनिटऐवजी मिलिग्रॅममध्ये असल्याने हिशेब बदलावा लागे, आणि फुप्फुसांच्या चाचण्या करून घ्याव्या लागत. सुई टळली, पण तिच्या बदल्यात आलेली गैरसोय लोकांना नको होती. त्यानंतर लहान उपकरणातून श्वासावाटे ओढायचे अफ्रेझा हे इन्सुलिन आले. त्याच्या वितरणासाठी सिप्लाला डिसेंबर २०२४ मध्ये भारतात मान्यता मिळाली. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांना मात्र ते चालत नाही.

त्यामुळे डॉक्टरांनी विचारावेत आणि रुग्णाने न विचारता सांगावेत असे प्रश्न बरेच साधे आहेत. दिवसातून किती वेळा टोचणे तुम्हाला खरोखर जमते? घरी फ्रिज आहे का? आकडा वाचता येतो का? स्वतः घेता की सून देते, आणि ती माहेरी गेली की कोण देते? गेल्या महिन्यात किती डोस चुकले? या शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर रागावणार नाही अशा माणसालाच मिळते.

सुई बाहेर आली की रुग्णाचे काम संपते असे वाटते, पण ती पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी हाताकडे जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया व सिरिंज यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती, म्हणजे त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायच्या नसतात. लहान टोपण लावलेली पेन-सुईसुद्धा पिशवीतून टोचते, आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंना त्यातून कावीळ किंवा एचआयव्हीसारख्या संसर्गाची धास्ती महिनोन्‌महिने वाहावी लागते. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली औषधाच्या जागेजवळच ठेवावी, सुई निघाली की थेट तीत टाकावी, बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे ठळक लिहावे, आणि आपल्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत किंवा पालिकेच्या घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात ती घेतात का, याची चौकशी बाटली भरण्याआधीच करून ठेवावी.